दोन युद्धं, एक पावली

ही पावली नीट पाहायची तर भिंग लागतं. व्यास २४.२६ मिलिमीटर, वजन ५.६७ ग्रॅम. आत तांबं, दोन्ही अंगांना तांबं-निकेलचा पांढुरका थर. अमेरिकेत तिला क्वार्टर म्हणतात, म्हणजे पाव डॉलर, पंचवीस सेंट. आपल्याकडे चार आण्याला पावली म्हणायचे, म्हणून मीही तिला पावलीच म्हणणार आहे. छाप्याकडे जॉर्ज वॉशिंग्टन. काट्याकडे उड्डाणाचा पोशाख चढवणारा एक तरुण वैमानिक, नजर वर आकाशात. डोक्यावरून दोन पी-५१ मस्टँग लढाऊ विमानं चालली आहेत, पाठीमागे विमानतळाचा नियंत्रण मनोरा. वर कमानीसारखी चार शब्दांची ओळ: 'दे फॉट टू वॉर्स'. ते दोन युद्धं लढले. कडेच्या पट्टीवर टस्कीगी एअरमेन, अलाबामा आणि २०२१.

४ जानेवारी २०२१ ला ही पावली आली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या अमेरिकेच्या पहिल्या कृष्णवर्णीय लष्करी वैमानिकांचा, म्हणजेच टस्कीगी एअरमेनचा, तिच्यावर गौरव आहे. हे प्रकरण अभ्यासाला घेण्याचं कारण एकच आहे. ज्यांची सगळी गोष्ट रंगाची आहे, त्यांना रंग उमटूच शकत नाही अशा धातूवर दाखवायचं होतं. कातडीचा रंग त्यांच्या वाटेत आडवा आला. विमानाच्या शेपटीचा लाल रंग त्यांची ओळख झाला. नाण्याला मात्र एकच रंग, धातूचा. शिवाय कायद्याने आणखी काही गोष्टींना आधीच मनाई केली होती. अशा कोंडीत टांकसाळीने काय केलं, काय सोडलं आणि त्यातलं काय मला पटलं, ते इथे मांडतो.

कायद्याची चौकट

अमेरिकी काँग्रेसने २००८ मध्ये एक कायदा केला. २०१० पासून पावलीच्या काट्यावर देशातली राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक स्थळं यावीत, असा त्याचा हेतू. ५० राज्यं, राजधानीचा जिल्हा आणि ५ प्रदेश, प्रत्येकी एक स्थळ, अशी ५६ नाणी. क्रम कसा लावायचा, तर जे स्थळ आधी राष्ट्रीय संरक्षणाखाली आलं ते आधी. त्यामुळे १८३२ मध्ये राखून ठेवलेलं आर्कान्सामधलं हॉट स्प्रिंग्ज पहिलं आलं. अलाबामाच्या वाट्याचं टस्कीगी एअरमेन राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ नोव्हेंबर १९९८ मध्ये जाहीर झालं होतं, म्हणून ते ५६ वं, अगदी शेवटचं. २०२१ साली या मालिकेतलं ते एकच नाणं निघालं.

म्हणजे हे नाणं कागदोपत्री माणसांचं नाहीच. ते एका जागेचं आहे. मोटन फील्ड या छोट्या विमानतळाचं. माणसं त्या जागेच्या आधाराने आत आली आहेत.

दुसरी अट याहून कडक होती. काट्यावर कोणाही व्यक्तीचा, हयात असो वा दिवंगत, डोकं-खांदे एवढाच मुखवटा चालणार नाही आणि हयात व्यक्तीचं कोणत्याही प्रकारचं चित्र चालणार नाही. यामागचा विचार मला योग्य वाटतो. छाप्याकडे एक मुखवटा असताना काट्याकडेही दुसरा आला, तर नाण्याला दोन डोकी होतात. आणि हयात माणसाला नाण्यावर बसवण्याची सवय राजांची, प्रजासत्ताकाची नव्हे.

मनाई मुखवट्याला होती, आकृतीला नव्हती. आधीच्या राज्यवार मालिकेतही हाच नियम होता, तरी २००३ मध्ये अलाबामाच्याच पावलीवर हेलन केलर खुर्चीत बसलेल्या आल्या. २०१७ मध्ये राजधानीच्या पावलीवर गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस टेबलाशी लिहीत बसलेले आले. पूर्ण माणूस काहीतरी करताना दाखवला की नियम पाळला जातो. टस्कीगीच्या नाण्यावरचा वैमानिक पोशाख चढवताना दिसतो, त्याचं एक कारण हेही असावं असं मला वाटतं. तो छायाचित्रासाठी उभा नाही, कामावर निघाला आहे.

ती माणसं

इथे थोडं थांबायला हवं, कारण माणसं कळली नाहीत तर त्या ओळीतले 'दोन' कळणार नाहीत.

१९२५ मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने युद्धात कृष्णवर्णीयांचा वापर कसा करावा यावर एक अहवाल तयार केला. त्यांच्यात धैर्य कमी, बुद्धी कमी, नेतृत्व करण्याची पात्रता नाही, असं त्यात शास्त्राचा आव आणून लिहिलं होतं. पुढची पंधरा वर्षं लष्कराच्या धोरणात ही समजूत मुरलेली राहिली. लष्कराच्या हवाई दलाचं दार त्यांना बंद होतं.

बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनिअर यांचं उदाहरण घ्या. ते १९३२ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाले. चार वर्षं त्यांना खोलीत जोडीदार मिळाला नाही, जेवणाच्या टेबलावर कोणी बोललं नाही. कामापुरतं सोडलं तर सहाध्यायांनी त्यांच्याशी अबोला धरला, आणि तो ठरवून धरलेला होता. ते २७६ जणांत ३५ वे येऊन १९३६ मध्ये पदवीधर झाले. विमान शिकायचं म्हणून अर्ज केला, तर उत्तर आलं की कृष्णवर्णीयांची हवाई तुकडीच नाही, तुम्हाला घेऊन ठेवायचं कुठे?

तुकडी उभी राहिली ती १९४१ मध्ये, वृत्तपत्रं, संघटना आणि मतांचं राजकारण यांचा दाब वाढल्यावर. नाव ९९ वी पर्स्यूट स्क्वाड्रन. प्रशिक्षणासाठी जागा निवडली अलाबामातलं टस्कीगी. तिथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेली कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था होती आणि तिच्याकडे नागरी वैमानिकांना शिकवण्याचा अनुभव होता. मुख्य प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन, सगळे त्यांना 'चीफ' म्हणत. मार्च १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या आणि सोबतच्या सुरक्षारक्षकांची नाराजी बाजूला सारून अँडरसन यांच्या विमानात बसून चक्कर मारून आल्या. कृष्णवर्णीय माणूस विमान चालवू शकतो का, या प्रश्नाला एका छायाचित्राने उत्तर दिलं. रोझेनवाल्ड फंड या धर्मादाय निधीच्या विश्वस्तांत त्या होत्या आणि त्याच फंडाच्या कर्जातून मोटन फील्ड बांधलं गेलं. संस्थेचे दुसरे प्राचार्य रॉबर्ट मोटन यांचं नाव त्याला दिलं.

पहिल्या वर्गात १३ जण होते. ७ मार्च १९४२ ला छातीवर पंख, म्हणजे वैमानिकाचा बिल्ला, लागला तो ५ जणांच्या: डेव्हिस, लेम्युएल कस्टिस, चार्ल्स डीबो, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस. युद्ध संपून १९४६ मध्ये हे प्रशिक्षण थांबेपर्यंत टस्कीगीतून ९९२ वैमानिक बाहेर पडले.

९९ वी तुकडी एप्रिल १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेकडे निघाली. २ जूनला पँटेलेरिया बेटावर तिची पहिली मोहीम झाली. २ जुलैला सिसिलीवर चार्ल्स हॉल यांनी जर्मन फोके-वुल्फ १९० विमान पाडलं, तुकडीने पाडलेलं हे पहिलं. बक्षीस म्हणून त्यांना थंडगार कोकाकोलाची एक बाटली मिळाली, त्या रणात तीही दुर्मीळ.

आणि सप्टेंबरमध्ये, ज्या गटाला ही तुकडी जोडलेली होती त्याचे प्रमुख कर्नल विल्यम मोमायर यांनी वर अहवाल पाठवला. यांच्यात आक्रमकता नाही, हे लढाऊ वैमानिक म्हणून उपयोगाचे नाहीत. १९२५ चा सूर पुन्हा लागला. शत्रूशी लढत असतानाच डेव्हिस यांना वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उभं राहून आपल्या माणसांची बाजू मांडावी लागली. त्यांनी ती आकडे आणि शांतपणा यांच्या जोरावर मांडली. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या. २७ आणि २८ तारखेला ९९ व्या तुकडीने त्यांच्या डोक्यावर डझनभर जर्मन विमानं पाडली. त्यानंतर ही तुकडी मागे घ्यायची भाषा बंद झाली.

त्याच वर्षी उन्हाळ्यात ९९ वी तुकडी डेव्हिस यांच्या ३३२ व्या गटात आली. १००, ३०१ आणि ३०२ या तुकड्या त्या गटात आधीपासून होत्या. तळ इटलीतलं रामितेल्ली. काम, जर्मनीवर बॉम्ब टाकायला जाणाऱ्या अवजड विमानांना सांभाळून नेणं आणि सांभाळून आणणं. हवेत कोण आपलं हे लांबून ओळखू यावं म्हणून प्रत्येक गटाच्या शेपटीवर वेगळी खूण असे. ३३२ व्या गटाने अख्खी शेपटी लाल रंगवली. 'रेड टेल्स' हे नाव तिथून आलं. २४ मार्च १९४५ ला हा गट थेट बर्लिनपर्यंत गेला आणि त्या दिवशी रॉस्को ब्राउन, अर्ल लेन आणि चार्ल्स ब्रँटली या तिघांनी प्रत्येकी एक मेसरश्मिट २६२ पाडलं. ती जेट विमानं होती, आणि यांच्या मस्टँगला पंखा होता. टस्कीगीच्या वैमानिकांनी युद्धभरात एकूण ११२ शत्रुविमानं हवेत पाडली.

हे झालं पहिलं युद्ध.

दुसरं युद्ध, जे चित्रात येत नाही

जानेवारी १९४२ च्या अखेरीस कॅन्ससमधल्या विचिटा इथल्या जेम्स थॉम्पसन नावाच्या तरुणाने 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राला पत्र लिहिलं. विजयाचं चिन्ह म्हणून सगळे इंग्रजी 'व्ही' दाखवतात, आपण दोन 'व्ही' दाखवूया: एक बाहेरच्या शत्रूवरच्या विजयासाठी, दुसरा घरातल्या शत्रूवरच्या विजयासाठी. वृत्तपत्राने फेब्रुवारीपासून त्याची मोहीम केली. नाण्यावरच्या 'दोन युद्धं' या शब्दांची मुळं मला तिथे दिसतात.

घरातलं युद्ध कसं होतं? इंडियाना राज्यातल्या फ्रीमन फील्ड तळावर १९४५ मध्ये टस्कीगीच्याच वाटेने आलेला ४७७ वा बॉम्बर गट होता. तळावर अधिकाऱ्यांचे दोन क्लब. कागदावर एक प्रशिक्षकांसाठी, दुसरा प्रशिक्षणार्थींसाठी. प्रत्यक्षात एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा, कारण कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला, त्याचं प्रशिक्षण केव्हाच पुरं झालेलं असलं तरी, प्रशिक्षणार्थीच ठरवलं होतं. ५ एप्रिलच्या रात्रीपासून कृष्णवर्णीय अधिकारी गटागटाने गोऱ्यांच्या क्लबात शिरू लागले. हत्यार नाही, आरडाओरडा नाही. आत जायचं, पेय मागायचं, अटक करून घ्यायची. मग तळाच्या प्रमुखाने लेखी नियम काढला आणि तो वाचून मान्य आहे अशी सही करायला सांगितलं. १०१ अधिकाऱ्यांनी सही नाकारली. युद्धकाळात वरिष्ठाची आज्ञा मोडण्याची शिक्षा मृत्यूपर्यंत जाऊ शकते, हे त्यांना वाचून दाखवलं गेलं होतं. तरी नाकारली. तिघांवर खटला चालला आणि रॉजर टेरी या एकाला दोषी ठरवून १५० डॉलर दंड झाला. ती शिक्षा हवाई दलाने रद्द केली १९९५ मध्ये, पन्नास वर्षांनी.

अलेक्झांडर जेफरसन यांची आठवण याहून छोटी आहे, पण मला ती विसरता येत नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्सवर त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ते जर्मनांच्या कैदेत पडले. कैदेतल्या अधिकाऱ्यांच्या छावणीत गोरे-काळे एकत्र राहत होते. १९४५ मध्ये सुटून जहाजाने ते मायदेशी आले, तेव्हा शिडीच्या तळाशी एक जण उभा राहून सांगत होता: गोरे उजवीकडे, काळे डावीकडे.

आता हे नाण्यावर कोरा.

कोरता येत नाही, हेच उत्तर आहे. क्लबाचं दार कोरलं तर ते नुसतं दार दिसेल. जहाजाची शिडी नुसती शिडी दिसेल. या युद्धाचा सगळा अर्थ दोन माणसांच्या कातडीच्या रंगातल्या फरकात आहे आणि तो फरक निकेलच्या थरावर उमटत नाही. चेहऱ्याची ठेवण दाखवता येते, पण वैमानिकाचा चेहरा डाळीच्या दाण्याएवढा, त्यात हाताळून हाताळून झिजणारा. म्हणून चित्राने पहिलं युद्ध दाखवायचं आणि दुसऱ्याची जबाबदारी शब्दांवर टाकायची, ही वाटणी झाली. नाण्याचे रेखाटनकार ख्रिस कॉस्टेलो हे मुळात अक्षरांचे कलाकार. बहुतेक संगणकांत असणारा 'पपायरस' हा टंक त्यांचाच. त्यांच्या रेखाटनावरून टांकसाळीच्या फीबी हेम्फिल यांनी उठाव घडवला.

त्या ओळीकडे पुन्हा पाहा. कुठली दोन युद्धं, हे ती सांगत नाही. न कळणाऱ्याला वाटेल, जर्मनी आणि जपान असेल. मग तो कोणाला तरी विचारेल. वंशभेद, अन्याय असे शब्द घातले असते तर ओळ लांब झाली असती आणि भाषणासारखी वाटली असती. 'दोन' हा आकडा वाचणाऱ्याला अडवतो. आणि 'लढले' हे क्रियापद दोन्हींना सारखंच लागू पडतं, हे मला फार मोलाचं वाटतं. ही माणसं घरातला अन्याय सोसत बसली नव्हती, तिथेही लढली. फ्रीमन फील्डवर सही नाकारणारा हात आणि बर्लिनवर ट्रिगर दाबणारा हात या एका क्रियापदात शेजारी आले आहेत.

कोणाला उभं करायचं

नियमात बसणारा एक माणूस होता: डेव्हिस. ते पुढे हवाई दलात जनरल झाले, २००२ मध्ये वारले. पूर्णाकृती काढली असती तर मनाई नव्हती. डग्लस लिहीत बसले तसे डेव्हिस विमानाशेजारी उभे राहिले असते. नाव घालता आलं असतं. शाळेतल्या मुलाला एक नाव मिळालं असतं, जे पाठ करता येतं. हा पर्याय हलका नव्हता.

तरी अनामिक वैमानिक घेतला हे मला जास्त बरोबर वाटतं, आणि त्याचं कारण १९२५ च्या त्या अहवालात आहे. तो अहवाल कोणा एकाविरुद्ध नव्हता. तो म्हणत होता की हा अख्खा समाजच नालायक आहे. अशा आरोपाला एका अलौकिक माणसाचं उदाहरण पुरत नाही. आरोप करणारा लगेच म्हणतो, तो अपवाद. वेस्ट पॉइंटमध्ये डेव्हिस यांच्याबाबत तेच झालं: पदवी दिली आणि दार बंदच ठेवलं. दार उघडलं ते ९९२ जणांनी. मध्यम उंचीच्या, कधी घाबरणाऱ्या, कधी चुकणाऱ्या, घरी पत्रं लिहिणाऱ्या ९९२ जणांनी. त्यांच्यातला कोणीही वाटावा असा चेहरा हवा होता. 'अनेकांतून एक' हे लॅटिन बोधवाक्य अमेरिकेच्या प्रत्येक नाण्यावर कायद्यानेच असतं, एरवी कोणी वाचतही नाही. इथे ते त्या वैमानिकाला अगदी नेमकं लागू पडतं.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. मनोरा मोटन फील्डचा, विमानं मस्टँग. मोटन फील्डवर प्राथमिक प्रशिक्षण चाले, तेही स्टिअरमन जातीच्या दुपंखी विमानांवर. दोन उघड्या बैठका, पुढे गुरू, मागे विद्यार्थी. पुढचं शिक्षण काही मैलांवरच्या लष्करी धावपट्टीवर होई, आणि मस्टँग त्यांच्या हाती आली ती १९४४ मध्ये इटलीत. म्हणजे मनोरा आणि त्यावरची विमानं यांच्यामध्ये खरं तर एक महासागर आहे. नाण्यावर त्यांना एका आकाशाखाली आणलं. बाजू घ्यायची तर म्हणता येईल की वर पाहणारा हा मुलगा आपलं पुढचं पाहतो आहे, टस्कीगीच्या धावपट्टीवरून इटलीचं आभाळ. हे वाचन सुंदर आहे, आणि कदाचित तेच अभिप्रेत असावं. पण नाणं त्या जागेचं होतं. त्या जागेवर जे खरोखर उडालं ते दुपंखी विमान, ज्यात घाबरलेला पोरगा पहिल्यांदा जमिनीवरून सुटला, ते मला पाहायला आवडलं असतं. मस्टँग ओळखीची आहे, देखणी आहे, म्हणून ती जिंकली असावी.

मनोरा मात्र हवाच होता. इंग्रजीतला 'एअरमेन' हा शब्द 'वैमानिक' याहून मोठा आहे. त्यात यंत्र दुरुस्त करणारे आहेत, दारूगोळा भरणारे आहेत, हवामान पाहणारे, मनोऱ्यात बसून विमानं उतरवून घेणारे आहेत. उडणाऱ्या एकामागे जमिनीवर कित्येक जण. पॅराशूटच्या घड्या घालणाऱ्या बायाही तिथे होत्या, ज्यांच्या एका चुकीवर वरच्याचा जीव जाईल. नाण्यावर त्यांच्यातलं कोणी नाही. तो मनोरा तेवढा त्यांच्या वतीने उभा आहे, असं मी मानतो.

जे लिहिलं नाही

युद्ध संपता संपता एक आख्यायिका तयार झाली होती: रेड टेल्सनी सांभाळलेलं एकही बॉम्बर विमान शत्रूच्या विमानांनी पाडलं नाही. साठ वर्षं ती भाषणांत आणि सन्मानपत्रांत फिरली. मग हवाई दलाच्याच इतिहास संशोधन विभागातले डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे अहवाल आणि हरवलेल्या विमानांच्या नोंदी ताडून पाहिल्या. शत्रूच्या विमानांनी पाडलेली २७ बॉम्बर विमानं ३३२ व्या गटाच्या राखणीखाली होती. हा गट ज्या पंधराव्या हवाई दलात होता, त्यातल्या इतर राखणदार गटांची सरासरी मात्र ४६ होती.

२७ हा आकडा या माणसांना कमी करतो असं मला मुळीच वाटत नाही. शून्य ही देवांची कामगिरी झाली असती. सत्तावीस ही माणसांची आहे, आणि ती इतरांपेक्षा बरीच सरस आहे. पण आख्यायिका जुन्या सैनिकांच्या जिव्हाळ्याची होती आणि तिला हात लावताना काहींना दुखलं. नाण्यावर लिहायला ती ओळ किती सोपी होती, याचा विचार करा. 'एकही गमावलं नाही.' टाळ्या मिळाल्या असत्या. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारता येते. लाखोंनी पाडून लोकांच्या खिशात गेलेलं नाणं परत मागवता येत नाही. टांकसाळीने निवडलेल्या ओळीत एकही आकडा खोटा ठरण्यासारखा नाही. त्यात असलेला एकमेव आकडा 'दोन', आणि तो खरा आहे.

पदक, अर्धा डॉलर, पावली

या वैमानिकांना सन्मान काही पहिल्यांदा मिळत नव्हता. २९ मार्च २००७ ला काँग्रेसचं सुवर्णपदक त्यांना संसदेच्या घुमटाखाली दिलं गेलं. हयात असलेले शेकडो म्हातारे त्या दिवशी तिथे होते, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांना सलाम केला: इतक्या वर्षांत त्यांना न परतवलेल्या सगळ्या सलामांच्या बदल्यात. सोन्याचं ते पदक एकच, ते स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं.

टस्कीगीचा नाण्यांशीही जुना संबंध आहे. अमेरिकी नाण्यावर आलेले पहिले कृष्णवर्णीय म्हणजे टस्कीगीचे बुकर टी. वॉशिंग्टन, १९४६ च्या स्मारक अर्ध्या डॉलरवर. तो घडवला आयझॅक हॅथवे यांनी, जे टस्कीगीतच मातीकाम शिकवत. पण ते नाणं दर्शनी किमतीपेक्षा जास्त दराने विकायचं होतं, त्या पैशातून स्मारक उभं राहावं म्हणून. गिऱ्हाईक पुरेसं मिळालं नाही. पुष्कळ नाणी वितळवली गेली आणि त्यांच्या चांदीतून पुढचं स्मारक नाणं पाडायची परवानगी काँग्रेसने दिली.

हा धडा महत्त्वाचा आहे. विकत घ्यावं लागणारं स्मारक नाणं ज्याला आधीच आदर आहे त्याच्याकडेच जातं. मखमलीच्या डबीत बसतं. पावली तशी नाही. संग्राहकांसाठी तिच्या वेगळ्या आवृत्त्या निघाल्या खऱ्या, पण मुख्य नाणं पंचवीस सेंटला पंचवीस सेंट या भावाने बँकेतून गल्ल्यात आणि गल्ल्यातून हातात गेलं. धुलाईयंत्रात पडलं, पार्किंगच्या खांबात पडलं. ज्याला टस्कीगी हा शब्द माहीत नाही, किंवा ज्याच्या आजोबांनी त्या क्लबाच्या दारात उभं राहून अडवलं असेल, त्याच्याही तळहातावर ते आलं. ज्या माणसांना एके काळी एका क्लबात शिरता येत नव्हतं, ती आता पावलीवर बसून कुठेही शिरतात.

आणि नाणं उलटं केलं की छाप्याकडे जॉर्ज वॉशिंग्टन, ज्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. काट्यावरचा मुलगा ज्या गावात उडायला शिकला तिथली संस्था उभारणारा बुकर गुलामीत जन्मला होता. शाळेत नाव विचारलं तेव्हा आपलं आडनाव त्याने स्वतःच सांगितलं: वॉशिंग्टन.

मॅगी यांचा हात

हयात व्यक्तीचं चित्र नको, या नियमाने बाहेर ठेवलेल्यांत चार्ल्स मॅगी होते. जन्म ७ डिसेंबर १९१९. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तो त्यांचा बाविसावा वाढदिवस. जून १९४३ मध्ये टस्कीगीत पंख मिळाले. ऑगस्ट १९४४ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर त्यांनी एक फोके-वुल्फ पाडलं. पुढे कोरिया, पुढे व्हिएतनाम. तीन युद्धांत मिळून ४०९ लढाऊ मोहिमा. मधल्या काळात, २६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या आदेशाने सैन्यातला वंशभेद संपवायचं ठरलं होतं, त्यामुळे कोरियात ते कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या तुकडीतून उडाले नाहीत, अमेरिकेच्या हवाई दलातून उडाले.

फेब्रुवारी २०२० मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्यांना मानद ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं. त्याच आठवड्यात फ्लोरिडात सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, मैदानावर नाणेफेकीला जे चार माजी सैनिक उभे होते, त्यांत ते होते आणि नाणं उडवलं त्यांनी. अकरा महिन्यांनी टस्कीगीची पावली आली. मॅगी तेव्हा एकशे एक वर्षांचे होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा चेहरा तिच्यावर येणं अशक्य. १६ जानेवारी २०२२ ला ते झोपेत गेले. ती पावली ते एक वर्ष आणि बारा दिवस खिशात बाळगू शकले असते.